दाखला मी मागितलेला नाही

मा. मुख्याध्यापिका बाई,


आधीच्या अर्जांची साधी पोचसुद्धा मिळाली नाही, म्हणून हे उघड लिहिते आहे. शाळेचं नाव घालत नाही. माझा मुलगा अजून तिथंच शिकतो.

त्याला ऑटिझम आहे असं कळलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, ‘प्रमाणपत्र काढा, म्हणजे आम्हाला त्याच्यासाठी काही करता येईल.’ घरात विरोध होता. सासूबाई म्हणाल्या, एकदा कागदावर चढलं की पोराला जन्मभर चिकटतंय. तुमच्या शब्दावर मी त्यांची समजूत घातली. सीपीआर रुग्णालयात रांगा लावल्या, तपासण्या झाल्या, ४० टक्क्यांच्या वरचं प्रमाणपत्र आलं. ते मी विश्वासानं तुमच्या टेबलावर ठेवलं.

त्याआधी त्याच्या वर्गशिक्षिका एक गोष्ट करायच्या. शाळेच्या घंटेचा आवाज त्याला सोसत नाही. घंटा व्हायच्या जरा आधी त्या त्याच्या बाकावर बोटानं टकटक करायच्या. तो कान झाकून घ्यायचा, घंटा थांबली की हात खाली घ्यायचा आणि पुढचा पाढा लिहायला लागायचा. प्रमाणपत्र आल्यावर ती टकटक बंद झाली. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘तो आता स्पेशलमध्ये येतो, त्याचं विशेष शिक्षक बघतील.’ विशेष शिक्षक फिरतीवर असतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलंय. तो मिळेपर्यंत माझ्या पोरानं दाराजवळच्या बाकावर रडत बसायचं का? हजेरीपटात त्याच्या नावापुढं लाल खूण आली. स्नेहसंमेलनाच्या नाचातून त्याचं नाव निघालं, तेही आम्हाला न सांगता. केएमटीच्या बसवरची पाटी लांबून वाचणारा हा मुलगा, बाई. खूण व्हायच्या आधीही तो हाच होता.

आता तुम्ही म्हणता, त्याला ‘त्याच्यासारख्यांच्या’ शाळेत घाला. शेंडा पार्कातल्या ‘चेतना’सारख्या विशेष शाळांबद्दल मला आदरच आहे, उद्या गरज पडली तर मी स्वतः घेऊन जाईन. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ वाचा. ६ ते १८ वर्षांच्या अशा मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. पसंती त्याची आहे, शाळेची नव्हे.

माझ्या जिवाला लागलं ते वेगळंच. आमच्या गल्लीतल्या एका आईचं लेकरू असंच आहे. ती म्हणाली, ‘तुमचं बघून आम्ही कागद काढायचाच नाही असं ठरवलंय.’ कागद नाही म्हणजे उद्या परीक्षेत जादा वेळ नाही, लेखनिक नाही, ‘निरामय’ योजनेचा एक लाखाचा आरोग्य विमा नाही. हे सगळं त्या पोराचं जाणार, आणि ते एका शाळेच्या धास्तीनं. तिला धीर द्यायला माझ्याकडं शब्द नव्हते.

तुमच्या ऑफिसात शाहू महाराजांची तसबीर आहे. १९१७ साली त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड ठेवला. त्या तसबिरीखाली बसून तुम्ही मला ‘दाखला घेऊन जा’ म्हणालात.

दाखला मी मागितलेला नाही, मागणारही नाही. सोमवारी डबा भरून त्याला त्याच्याच वर्गात आणून बसवणार आहे. तुमची हरकत असेल तर लेखी द्या, सही-शिक्क्यानिशी. आणि वर्गशिक्षिकांना पुन्हा टकटक करायची मोकळीक द्या.

आपल्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याची आई,
कोल्हापूर