थांबलेला काटा

दिवाळीची साफसफाई म्हणजे घरातील जुन्या वस्तूंचा न्यायनिवाडाच. यंदा आमच्या नांदेडच्या घरात आरोपी म्हणून उभी राहिली ती वडिलांची १९७८ सालची मोटारसायकल. "अहो, माळ्यावरचे डबे निघाले, आता अंगणातली ही गाडीही काढा," असे सौभाग्यवतींचे फर्मान सुटले. लातूरच्या मेहुण्यांनी गिऱ्हाईकही पाहून ठेवले होते. शाळेत नव्यानेच लागलेले एक तरुण मास्तर. भाऊबीजेला बहिणीकडे जायचेच होते. तेव्हा लोहा, अहमदपूर, चाकूर करीत याच गाडीवर जावे असे ठरले.

अडचण एकच होती. गाडीच्या मीटरचा काटा दोन वर्षे शून्यावर झोपला होता. रोज कचेरीपुरते जायचे, म्हणून आम्हीही त्याला उठवले नव्हते. पण परक्याच्या हाती गाडी द्यायची, तर वेग कळायलाच हवा. शिवाय वाहनाला चालू मीटर असावा, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही आहेच.

मेस्त्रीने पहिलाच प्रश्न विचारला, "काका, काटा बी बंद अन् आकडे बी बंद का?"

"दोन्ही बंद."

"मग मीटर शाबूत असंल. केबल गेली."

वाचकहो, हा प्रश्न ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आकडे फिरतात पण काटा हलत नाही, तर दोष मीटरच्या पोटात. दोन्ही थांबले, तर बहुधा केबल तुटलेली किंवा चाकाजवळचे दाते झिजलेले. मेस्त्रीने मीटरखालचा नट सोडवून केबल मोकळी केली आणि आम्हाला पुढचे चाक फिरवायला लावले. आतली तार हलेना. ओढली तर अर्धीच हाती आली.

ही तार चाकाबरोबर फिरते आणि मीटरमधील लोहचुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोहोंचा स्पर्श नसतो. तरी चुंबक फिरू लागला की वाटीत वीजप्रवाह उमटतात आणि ती त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे ठरतो, तो आपला वेग! जर्मनीच्या ऑटो शुल्झे यांनी १९०२ साली या युक्तीचे पेटंट घेतले. किलोमीटरचे आकडे मात्र निव्वळ दातेरी चक्रांवर चालतात.

नवी केबल जुनीशी लांबी आणि दोन्ही टोके जुळवून घेतली. तारेला बेताचे ग्रीस लावले, पण वरची चार बोटे कोरडी ठेवली; नाहीतर ग्रीस चढून मीटरमध्ये शिरते. केबल बसवताना तिला कोठेही तीव्र वळण पडू दिले नाही.

इतक्यात शेजारचे एक गृहस्थ डोकावले. "केबल कशाला? नवा मीटरच बसवा. आकडा शून्य! गाडी कमी फिरलेली दिसेल, चार पैसे जास्त येतील."

खोटे कशाला बोलू, मन क्षणभर डळमळले. मीटरवर ६७,४१८ किलोमीटर होते. घरी येऊन वडिलांची वही काढली. दर महिन्याचे पेट्रोल आणि मीटरचा आकडा ते तारखेनिशी लिहीत. शेवटच्या पानावरील अक्षर थरथरते होते, पण आकडा स्पष्ट होता.

वही मिटली आणि दुसराच विचार टोचू लागला. आकडा पुसणे ही लबाडी खरीच. पण आमचा न पुसलेला आकडा तरी कुठे खरा होता? मीटर बंद असताना दोन वर्षे रोज आठ किलोमीटर गाडी पळालीच होती. वर्षाचे कामाचे तीनशे दिवस धरले तर जवळजवळ पाच हजार किलोमीटर कोठेच नोंदलेले नव्हते.

लातूरला मास्तरांनी गाडी पाहिली, फिरवून आणली. "काटा छान चालतो की!" ते म्हणाले.

"आत्ता चालतो. मधे दोन वर्षे बंद होता. आकड्यात पाच हजार मिळवा," आम्ही म्हणालो आणि वही त्यांच्यापुढे ठेवली.

मेहुण्यांनी कपाळाला हात लावला. मास्तर मात्र शांतपणे पाने उलटीत राहिले. मग ठरल्या रकमेतून पाचशे रुपये कमी करून उरलेले त्यांनी मोजून दिले. आम्हीही घासाघीस केली नाही.

"ही वही मला मिळेल का?" त्यांनी विचारले.

द्यायला जिवावर आले, पण दिली. त्यांनी खिशातून पेन काढले, मीटर पाहिला आणि वडिलांच्या शेवटच्या ओळीखाली तारीख टाकून त्या दिवशीचा आकडा लिहिला. शेजारी कंसात लिहिले : "अधिक ५,०००."