दहाव्या वर्षीचा निवाडा

यंदाचा दिवाळी अंक बालपणाविषयी आहे. त्याची जुळवाजुळव करताना एक प्रश्न मनातून हटत नव्हता: मुलाची कुवत किती, याचा निवाडा मोठ्यांनी कोणत्या वयात करावा? जर्मनी आणि फिनलंड यांनी याची अगदी वेगळी उत्तरं दिली आहेत.

जर्मनीत पहिलीच्या पहिल्या दिवशी मूल रंगीत कागदाचा भलामोठा शंकू कवटाळून शाळेत येतं. त्याला 'शूलट्यूटे' म्हणतात. आत खाऊ, रंगपेटी, एखादं खेळणं. शाळेत जाणं हा तिथं घरचा सण असतो. पण चारच वर्षांत सूर पालटतो. बव्हेरिया राज्यात चौथीच्या मे महिन्यात एक प्रगतिपत्रक हाती पडतं. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली आली (तिथं १ म्हणजे सर्वोत्तम), तर गिम्नाझियमचं, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेचं दार उघडतं. २.६६ पर्यंत रेआलशूले, म्हणजे मधल्या पातळीची शाळा. बाकीची मुलं मिटेलशूलेत, म्हणजे व्यवसायशिक्षणाकडे नेणाऱ्या शाळेत. वय वर्षं दहा! म्युनिकमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे वर्ष चुकत नाही.

पुढे शाळा बदलता येते, आणि हाताला कौशल्य देणारं जर्मन व्यवसायशिक्षण उत्तम आहे, हे मान्य. तरीही दहाव्या वर्षी मोजली जाते ती बऱ्याच अंशी घरातली पुस्तकं, आईवडिलांची भाषा आणि त्यांच्यापाशी असलेला वेळ. शाळकरी मुलांच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल २००१ च्या डिसेंबरात आले, तेव्हा जर्मनी हादरली. घरची परिस्थिती आणि मुलांचं यश यांचं नातं तिथं फार घट्ट निघालं. वाचनात पहिला आला फिनलंड.

फिनलंड काही जन्मतः समंजस नव्हता. तिथंही चौथीनंतर प्रवेशपरीक्षा होती आणि मुलांच्या वाटा वेगळ्या होत होत्या. १९६८ मध्ये हे बदलणारा कायदा झाला. १९७२ मध्ये उत्तरेच्या लॅपलंडपासून नऊ वर्षांची सामाईक शाळा सुरू झाली आणि १९७७ पर्यंत ती हेलसिंकीला पोचली. गणित आणि भाषांच्या तासाला कुवतीनुसार गट पाडायची पद्धत तेवढी उरली होती. १९८५ मध्ये तीही मोडीत काढली. शिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते, दुपारचं जेवण सर्वांना मोफत मिळतं, मूल सातव्या वर्षी पहिलीत जातं, आणि सोळाव्या वर्षापर्यंत डॉक्टरचा मुलगा व बसचालकाची मुलगी एकाच बाकावर बसू शकतात. अलीकडे फिनलंडचे 'पिसा'चे गुण बरेच घसरलेत. त्याची कारणं त्यांनी जरूर शोधावीत, पण एकत्र शिकण्याचं मोल त्यामुळे माझ्या लेखी कमी होत नाही.

जर्मनीतही हॅम्बुर्ग राज्याने बदलाचा प्रयत्न केला होता. सामाईक प्राथमिक शाळा चारऐवजी सहा वर्षांची करायला विधानसभेतले सगळे पक्ष राजी झाले होते. १८ जुलै २०१० च्या सार्वमतात मतदारांनी ती सुधारणा फेटाळली. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. दहा वर्षांच्या मुलाला अजून वेळ मिळायला हवा होता.

अंकातले लेख याच प्रश्नाच्या आसपास फिरतात. वाचा, पटलं नाही तर भांडा, आणि पत्रं जरूर पाठवा.