शिकाऊ हातांचे विमान

२०२५ च्या फेब्रुवारीत बंगळूरच्या विमान-प्रदर्शनात 'सितारा' या शिकाऊ जेट विमानाचे 'यशस' असे नवे नामकरण करण्यात आले. या विमानाच्या पहिल्या उड्डाणास त्या वेळी बावीस वर्षे होत आली होती. इतक्या वयाच्या अपत्याचे बारसे पुन्हा करण्याची हौस 'हिंदुस्थान एरोनॉटिक्स'ला का व्हावी, हे आम्ही समजू शकतो. पूर्वीच्या नावाला अपयशाचा डाग लागला होता. परंतु विमानाचा स्वभाव नावाने बदलत नाही. या विमानाचा जो काही बदलला आहे, तो शेपटीमुळे.

विमानाची गती मंदावून पंखांचा आधार सुटला म्हणजे ते भोवऱ्यासारखे गरगरत खाली येऊ लागते. या अवस्थेस वैमानिक 'स्पिन' म्हणतात. कसलेला वैमानिक सहसा तिच्या वाटेस जात नाही. शिकाऊ मुलगा मात्र चुकून तीत सापडणारच, आणि तीतून सुखरूप बाहेर कसे यावे हे त्यास हेतुपुरस्सर शिकवावेही लागते. तेव्हा शिकाऊ विमानाची खरी परीक्षा वेगाची वा उंचीची नव्हे, तर ही होय. 'सितारा' नेमका येथे अडला. सरकारची मंजुरी १९९९ सालची. ७ मार्च २००३ रोजी विमान उडाले, आणि चार वर्षांत मजल मारली म्हणून कौतुकाचा वर्षाव झाला. २००६ साली बारा विमानांची मागणी नोंदविली गेली व पुढे आणखी त्र्याहत्तरांची भर पडली. स्पिनची परीक्षा मात्र व्हावयाचीच होती! मधल्या काळात फ्रेंच इंजिन अपुरे वाटून २००९ साली रशियन इंजिन बसविले गेले. एप्रिल २०११ मध्ये एक नमुना-विमान तामिळनाडूत कृष्णगिरीजवळ कोसळले. दोन्ही वैमानिक बचावले, ही दैवाची कृपा. अखेर उभी शेपटी मागे सरकवून सुकाणू मोठे करावे लागले, आणि २०१९ साली बदललेले विमान पुन्हा उडाले. डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंस सहा-सहा गिरक्या घेऊन सावरण्याची त्याची क्षमता सिद्ध झाल्याची घोषणा २०२२ च्या जानेवारीत झाली.

हे यश खरे आहे, आणि ते आमच्याच अभियंत्यांनी चिकाटीने मिळविलेले आहे. त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. प्रश्न आहे तो इतका उशीर का लागला याचा. गटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली १९५१ साली 'एचटी-२' हे पंख्याचे शिकाऊ विमान उडाले. १९६४ साली 'किरण' हे जेट विमान उडाले, आणि चार वर्षांत ते हवाई दलाच्या सेवेत होते. 'किरण'च्या पाठोपाठ नवे शिकाऊ जेट बेतावयास मात्र २००३ साल उजाडले. एकोणचाळीस वर्षे! कागदपत्रे कपाटात राहतात. विमान कोठे दगा देते हे ओळखणारी नजर कपाटात राहत नाही. ती माणसांबरोबर निवृत्त होते.

या दिरंगाईची किंमत कोण देतो, हे देशाने एकदा पाहिले आहे. ऐंशीच्या दशकापासून मागितलेल्या प्रगत शिकाऊ विमानांसाठी ब्रिटिश 'हॉक'चा करार व्हावयास २००४ साल लागले. तोवर आमची मुले 'किरण'वरून जवळजवळ थेट 'मिग-२१' वर जात होती. त्या विमानाच्या अपघातांत किती कोवळे वैमानिक गेले, याची आठवण महाराष्ट्रातील घरांनाही आहे.

परदेशी माल घ्यावा आणि मोकळे व्हावे, असा सल्ला देणारे याही वेळी पुढे येतील. तो आम्हांस मान्य नाही. परंतु स्वदेशीच्या नावाखाली अपुरे विमान मुलांच्या गळ्यात बांधणे, हेही आम्हांस तितकेच अमान्य आहे. 'एचटीटी-४०' या पंख्याच्या विमानाच्या बाबतीत क्रम योग्य होता. ते २०१६ साली उडाले, त्याच्या स्पिनच्या चाचण्या आधी झाल्या, आणि सत्तर विमानांचा करार २०२३ साली झाला. त्याची दुसरी बांधणी-शृंखला ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिक येथे सुरू झाली. त्याचे इंजिन मात्र अमेरिकेतून यावयाचे, आणि त्याची वाट पाहण्यात विमाने देणे लांबले, ही गोष्ट वेगळ्या अग्रलेखाचा विषय आहे.

'यशस'च्या बाबतीत संरक्षण मंत्रालयाने आता तीन गोष्टी जाहीर कराव्यात: हवाई दलास हे विमान हवे आहे की नाही, हवे असल्यास कोणत्या कसोटीवर आणि कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्याची शेपटी दुरुस्त करणाऱ्या अभियंत्यांच्या हाती पुढील काम कोणते देणार. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे हवाई दलाकडून मिळतील. तिसऱ्याचे उत्तर सरकारलाच द्यावे लागेल.