ट्रेलरच्या सांगाड्याचा तडा

करजणहून एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्याकडे चाळीस फुटी सपाट ट्रेलर आहे. त्याच्या मुख्य तुळईला पुढच्या बाजूस, जेथे तुळईची उंची कमी होऊन तिला मानेसारखा आकार येतो तेथे, तडा गेला. कारागिराने वेल्डिंग केले आणि वरून एक जाड पट्टी मारून दिली. पाच महिन्यांनी त्या पट्टीच्या कडेलाच नवा तडा दिसू लागला. पुन्हा पट्टी झाली, पुन्हा तडा गेला. ‘लोखंडच हलके लागले असेल काय?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नसावा. बडोद्याहून भडोचकडे निघाले की तीसेक किलोमीटरांवर लागणारे करजण मुंबई-दिल्ली हमरस्त्यावर वसलेले आहे. हजिऱ्याकडून उत्तरेस निघालेल्या पोलादी पत्र्याच्या प्रचंड गुंडाळ्या याच रस्त्याने जातात. ज्या घरात एका ट्रेलरच्या भाड्यावर बँकेचे हप्ते आणि मुलांचे शिक्षण दोन्ही चालते, त्या घराला असा तडा म्हणजे केवळ यंत्राचे दुखणे नव्हे. आणि चालकाच्या घरच्यांचा घोर तर त्याहून मोठा. म्हणून या महिन्याचे सदर या विषयाला दिले आहे.

जड वाहन आणि दुबळा आधार यांचा झगडा या परिसराला नवा नाही. खंडेराव महाराजांच्या काळी, १८६२ साली, डभोई ते मियागाम ही छोटी रेल्वे सुरू झाली. तिचे आरंभीचे रूळ इतके हलके होते की इंजिनाचा भार त्यांना पेलेना, आणि गाड्या बैलांनी ओढाव्या लागल्या. पण रूळ हलके आहेत हे तेथे निदान लवकर उमगले. ट्रेलरचा सांगाडा मात्र पहिल्या दिवशी, पहिल्या वर्षी, कदाचित पाच वर्षेही तक्रार करीत नाही, आणि मग एके दिवशी नेहमीच्याच वजनाखाली तडकतो. याचे कारण धातूचा थकवा. लोखंडी तार एकदा वाकविली तर तुटत नाही, मागे-पुढे वाकवीत राहिले तर तुटते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली; त्यानंतर अशा मोडतोडीकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखविले की, एका दणक्यात न मोडणारे पोलाद त्याहून पुष्कळ कमी ताणाच्या लाखो आवर्तनांनी मोडते.

ट्रेलरला ही आवर्तने रस्ता पुरवितो. पुलाचा प्रत्येक सांधा, प्रत्येक खड्डा तुळईला किंचित वाकवून सोडतो. येथे एक हिशेब मालकाने मनात पक्का धरावा. वेल्ड केलेल्या जोडाचे आयुष्य ताणाच्या साधारण घनाच्या प्रमाणात घटते. ताण दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते; आणि नुसता पाव पट अधिक माल भरला तरी ते निम्म्यावर येते. २०१८ साली सरकारने सहा आसांच्या जोडवाहनाची एकूण वजनमर्यादा ४९ टनांवरून ५५ टनांवर नेली; पण कागदावरची मर्यादा वाढली म्हणून जुन्या तुळईचा पत्रा जाड होत नाही.

माल किती, याइतकेच तो कोठे ठेवला याला महत्त्व आहे. तुळईच्या दोन आधारांमध्ये वीस टन माल सारखा पसरला, आणि तेच वीस टन एका गुंडाळीच्या रूपाने बरोबर मध्ये ठेवले, तर दुसऱ्या वेळी तुळईला वाकविणारा जोर दुप्पट होतो. गुंडाळीखाली लांब, भक्कम लाकडी ओंडके तुळईच्या दिशेने घालून भार पसरणे हा स्वस्तातला उपाय आहे. माल चढविताना होणाऱ्या घाईत तो बहुधा राहून जातो.

‘लोखंड हलके’ या शंकेविषयी. अधिक ताकदीचे पोलाद वापरून तुळई पातळ व हलकी करण्याची पद्धत आता रूढ आहे. परंतु वेल्डचा थकवा सोसण्याचा गुण पोलाद भारी घेतल्याने फारसा वाढत नाही. म्हणजे पत्रा पातळ, ताण अधिक आणि जोड पूर्वीइतकाच नाजूक. तेव्हा दोष लोखंडाच्या प्रतीत शोधण्यापेक्षा जोडाच्या जागी शोधावा.

पत्रलेखकांच्या पट्टीचे असेच झाले असावे. तुळईच्या खालच्या पट्टीवर चौकोनी तुकडा ठेवून त्याच्या चारही कडा वेल्ड केल्या, म्हणजे आडवी कड नेमकी ताणाच्या आड येते. तुकड्याखालचा भाग ताठ होतो, शेजारचा तसाच राहतो, आणि सगळा ताण त्या आडव्या वेल्डच्या पायथ्याशी गोळा होतो. म्हणून पट्टी मारायचीच तर तिची टोके लांब निमुळती असावीत, टोकावर पट्टीच्या आडवा वेल्ड नसावा, जाडी मूळ पत्र्याहून अधिक नसावी आणि टोक दुसऱ्या एखाद्या जोडाशेजारी संपू नये.

त्याआधी तडा नीट भरला पाहिजे. ट्रेलर रिकामा करून टेकू द्यावेत. रंग घासून काढावा आणि तड्याचे खरे टोक शोधावे. ते डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे असते. लाल रंग मारून पुसायचा व वर पांढरी फवारणी करायची, ही तपासणी थोड्या खर्चात होते. टोकाच्या किंचित पुढे लहान भोक पाडले तर तडा काही काळ थोपतो, पण ती तात्पुरती सोय समजावी. मग ग्राइंडरने तडा पूर्ण खोलीपर्यंत उघडावा, जागा कोरडी व कोमट करावी आणि भट्टीत सुकविलेल्या ७०१८ जातीच्या रॉडने भरावे. दमट रॉडमधून हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि जोड थंड झाल्यावर आतून तडकतो. पावसाळ्यात उघड्या पुड्यातले रॉड वापरणाऱ्या कारागिराला हे सांगण्याचा संकोच करू नये. भरल्यावर फुगवटा घासून सपाट करावा. घासण्याच्या रेषा तुळईच्या लांबीच्या दिशेने असाव्यात. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावावा, नाहीतर विजेचा प्रवाह चाकांच्या बेअरिंगांतून जाऊन ती खराब होतात. पुढचे वाहन सोडवून ठेवावे, आणि ट्रेलरला इलेक्ट्रॉनिक ब्रेक असल्यास त्याचे कनेक्शनही काढावे.

तडा का गेला हे न पाहता गाडी रस्त्यावर सोडली, तर हे सारे श्रम फुकट जातात. पाट्यांतील एखादे पान तुटले आहे काय, यू-बोल्ट सैल झाले आहेत काय, एका बाजूचे बुश झिजून आस तिरका चालतो काय, तारा बांधण्यासाठी कोणी तुळईच्या पट्टीला भोके पाडली आहेत काय, हे पाहावे. भोक उभ्या पत्र्याच्या मध्यावर असले तर एक वेळ चालेल. पट्टीला ते कधीच नको.

महिन्यातून एकदा, रिकाम्या गाडीखाली, बॅटरी आणि तारेचा ब्रश घेऊन स्वतः जावे. मानेचा बाक, किंगपिनच्या पत्र्याची कड, पुढच्या पायांचे जोड आणि पाट्यांच्या ब्रॅकेटांसमोरची जागा एवढे पाहण्यास अर्धा तास पुरतो. रंगावर केसाएवढी रेघ आणि तिच्यातून उतरलेला गंजाचा तांबडा ओघळ दिसला, तर तेथे खूण करून तारीख लिहावी. तडा खालची पट्टी ओलांडून उभ्या पत्र्यात चढला असेल, किंवा एकाच जागी तिसऱ्यांदा आला असेल, तर रस्त्याकडेच्या वेल्डिंगचा विचार सोडावा. तुळईचा तेवढा भाग कापून बदलणे हे ट्रेलर बांधणाऱ्या कारखान्याचे काम आहे, आणि ते होईपर्यंत त्या ट्रेलरवर माल चढवू नये.