बाळंतपणानंतरची पाळी आणि मुकादमाची वही

एप्रिलच्या सुरुवातीला तिसगावात जयंतीची बैठक होती. ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच कारखान्यांवरून परतल्या होत्या. आम्ही सुचवलं की एक संध्याकाळ बाळंतपणानंतरच्या पाळीवर बोलू. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, “ताई, हा बायकांचा विषय. आशाताई सांगतील की. जयंतीत विचारांचं काहीतरी घ्या.”

या ‘विचारांचं काहीतरी’ला आमचा जाहीर विरोध आहे.

त्याच बैठकीत मागे बसलेल्या एका भगिनीचं लेकरू दहा महिन्यांचं आणि दुसऱ्याचा चौथा महिना चालू. मधे पाळी आलीच नव्हती. “अंगावर पाजतेस तोवर दिवस राहत नाहीत,” असं सासूनं सांगितलेलं. हे अर्धंच खरं आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, त्याला फक्त आईचं दूध, तेही रात्रंदिवस थोड्या थोड्या वेळानं, आणि पाळी परतलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तोवर दिवस राहण्याची शक्यता फार कमी. एक जरी सुटली की भरवसा संपला. कारण बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. पाळीची वाट बघणारी बाई पाळी न येताच गरोदर राहू शकते.

आता फडात चला. पहाटे अंधारात नवरा-बायकोचा कोयता निघतो. लेकरू कोपीवर, शाळा सुटलेल्या मोठ्या बहिणीपाशी. पाजणं होतं दिवसातून दोन-तीनदा, मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत उसंत नाही. पाजणं कमी झालं की बीजकोश पुन्हा कामाला लागतो. म्हणजे त्या बाईची पाळी कधी परतायची, हे काही अंशी मुकादमाची वही ठरवते. उचल दोघांची घेतलेली, एक दिवस बसली की खाडा.

आणि पाळी आली तरी सुटका कुठे? बाळंतपणानंतरच्या पहिल्या पाळ्या मागेपुढे होतात, कधी जास्त जातं. कोपीवर संडास नाही, पाणी लांबून आणायचं, कपडा वाळवायला आडोसा नाही. दवाखान्यात जावं तर पुन्हा खाडा. मग कुणीतरी सांगतं, पिशवीच काढून टाक. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली आरोग्य खात्यानं ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. हा आकडा बायकांचा विषय आहे की मजुरीचा?

पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा २०१७ पासून कायद्यात आहे. कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजायला रोज दोन सुट्ट्याही आहेत. कोयत्याला मात्र हजेरीपटच नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेब प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूनं उभे राहिले आणि म्हणाले की बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तर हा भार त्यानंही उचलावा. नोव्हेंबर १९३८ मध्ये संततिनियमनाचा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मांडला, तो बाबासाहेबांनीच तयार केलेला होता. रोहम आपल्या नगर जिल्ह्याचे. सभागृहानं ठराव फेटाळला. आपण तर तो विसरूनच गेलो.

दोष एकट्या मुकादमाचा नाही, हेही लिहायला हवं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब असलेल्या घरांतही सव्वा महिना बाळंतिणीचा विटाळ पाळला जातो. पाळी परतली की पुन्हा ‘कावळा शिवला’. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आणि न्हाणीतला मनु तसाच.

दसऱ्याला टोळ्या पुन्हा निघतील. त्याआधी दोन गोष्टी व्हायला हव्यात. उचल घेतानाच मुकादमाशी बोलणं व्हावं की सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या आईला खाडा नाही, आणि पाजायची सुट्टी मजुरी न कापता. हे एकट्या कोयत्यानं बोलून होत नाही, त्याला संघटना लागते. दुसरं, निघण्याआधी सरकारी दवाखान्यात जाणं. अंतराचं इंजेक्शन बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतं आणि तीन महिने पुरतं. दुसरा डोस कारखान्याजवळ कुठे मिळेल, ते आधीच विचारून ठेवायचं. त्यानं पाळी थांबली किंवा मागेपुढे झाली तर घाबरायचं नाही. तांबीही चालते. निर्णय तिचा.

जयंतीच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ ठरली आहे. नवऱ्यांनाही बोलावलंय. खुर्च्यांची जबाबदारी त्याच तरुण कार्यकर्त्यानं घेतली आहे, आणि पुढच्या रांगेत बसायचंही कबूल केलंय.