मदत आटल्यावर गावची शाळा

परदेशांना मदत देणारी अमेरिकेची ‘यूएसएड’ ही यंत्रणा १ जुलै २०२५ रोजी औपचारिकरीत्या बंद झाली. त्याआधी फेब्रुवारीत ब्रिटनने आपली परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले होते. या निर्णयांचा आफ्रिकेतील आरोग्यसेवेवर काय परिणाम होईल, याची चर्चा पुष्कळ झाली. शाळांविषयी त्या मानाने फार थोडे बोलले गेले. युनेस्कोच्या २०२२ मधील अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडील देशांत सुमारे ९ कोटी ८० लाख मुले व तरुण शाळेबाहेर होते. जी मुले शाळेत आहेत त्यांचे चित्रही आशादायक नाही. जागतिक बँकेच्या मोजणीप्रमाणे तेथील दहा वर्षे वयाच्या दर दहा मुलांपैकी जवळजवळ नऊ मुलांना साधा परिच्छेद वाचून त्याचा अर्थ सांगता येत नाही.

मोठा पैसा निघून गेला की मागे उरतात त्या लहान संस्था. इंग्लंड-स्कॉटलंडमधील एखाद्या गावचे निवृत्त शिक्षक, चर्चमधील मंडळी, एखाद्या शाळेचे माजी विद्यार्थी असे दहा-पंधरा जण एकत्र येतात. पगार कोणालाच नसतो. केक विकून, जुनी पुस्तके विकून, पदयात्रा काढून निधी जमवायचा आणि केनियातील किंवा मलावीतील एका गावच्या एका शाळेकडे पाठवायचा, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. अशा उद्योगाकडे बघण्याच्या आपल्याकडे दोनच रीती आहेत. एक तर भाबडे कौतुक, नाही तर ‘दर्यामें खसखस’ म्हणून सोडून देणे. यांपैकी एकीनेही संस्थेचा पैसा कशावर खर्च होतो आणि वर्गातील नेमक्या कोणत्या मुलापर्यंत पोहोचतो, हे कळत नाही. संस्थेच्या आकारापेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न अशाच एका स्वयंसेवकाच्या हातून सुरू झाला.

मायकेल क्रेमर या अमेरिकन तरुणाने महाविद्यालयीन शिक्षण संपल्यावर पश्चिम केनियातील एका गावात शिक्षक म्हणून काम केले होते. पुढे अर्थशास्त्रज्ञ झाल्यावर तो पुन्हा तेथे गेला, तेव्हा एका डच मदतसंस्थेत काम करणाऱ्या मित्राने त्याला सांगितले की, आम्ही काही शाळा निवडून त्यांना मदत देणार आहोत. क्रेमरने सुचवले की, हव्या तितक्या शाळांऐवजी दुप्पट शाळा निवडा, त्यांतील निम्म्यांना आधी मदत द्या आणि दोन्ही गटांत काय फरक पडतो ते पाहा. या साध्या सूचनेतून बुसिया जिल्ह्यात प्रयोगांची मालिका उभी राहिली. २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांच्यासह क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्याची एक मुळी या गावांत आहे.

प्रयोगांनी पहिला धक्का दिला तो पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत. चार-चार मुले एका पुस्तकावर वाकून वाचत आहेत, अशा शाळेला पुस्तके पाठवण्याइतके निर्विवाद पुण्यकर्म दुसरे कोणते? तरीही मोफत पुस्तके मिळालेल्या शाळांत सरासरी गुण वाढलेच नाहीत. ज्या थोड्या मुलांना आधीपासून चांगले येत होते, त्यांचे तेवढे वाढले. कारण उघड होते. पुस्तके इंग्रजीत होती आणि त्या गावांतील बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा होती. घरची बोली वेगळी, बाजाराची स्वाहिली वेगळी आणि पुस्तकाची इंग्रजी वेगळी. २०११ पासून प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमावर हिरिरीने भांडत आलेल्या गोव्याला हे अधिक उलगडून सांगण्याची गरज नसावी.

म्हणून पुस्तके पाठवणे व्यर्थ, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. मलावीतील कासुंगू जिल्ह्याच्या विल्यम कामक्वाम्बा याला २००१-०२ च्या दुष्काळात फी भरता न आल्याने माध्यमिक शाळा सोडावी लागली. गावच्या प्राथमिक शाळेत देणगीतून आलेल्या पुस्तकांचे छोटे ग्रंथालय होते. तेथे त्याला विज्ञानाची पुस्तके सापडली. इंग्रजी जेमतेम असल्याने आकृत्या पाहून, शब्दांचे अर्थ लावत त्याने भंगारातल्या सामानातून पवनचक्की उभारली आणि घरात दिवा लावला. त्याच्यावर पुढे पुस्तक निघाले, चित्रपटही आला. पण तो बुसियाच्या प्रयोगाला अपवाद नाही. पुस्तक त्या मुलाला तारते ज्याच्यात आधीच ठिणगी आहे. त्याच्या बाकावर बसणाऱ्या, अक्षरही धड न लागणाऱ्या मुलाला तेच पुस्तक काही देत नाही, आणि देणगीदाराला पाठवलेल्या छायाचित्रात तो मुलगाही पुस्तक हाती धरून हसताना दिसतो.

या मागे राहिलेल्या मुलासाठी काय करावे, याचे एक उत्तर आफ्रिकेला मिळाले ते मुंबई आणि वडोदऱ्याहून. मुंबईत माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी उभ्या केलेल्या ‘प्रथम’ संस्थेने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतील माध्यमिकपर्यंत शिकलेली तरुणी. मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना बाजूला घेऊन दिवसाला सुमारे दोन तास अक्षरओळख आणि अंक पक्के करून घेणे, एवढेच तिचे काम. बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी या दोन शहरांत त्याची मोजणी केली, तेव्हा सर्वाधिक प्रगती सर्वांत मागे असलेल्या मुलांची झाल्याचे आढळले. मुलाला इयत्तेनुसार न शिकवता त्याला येते तेथून शिकवायचे, हे तत्त्व पुढे आफ्रिकेत गेले. झांबियाच्या सरकारी शाळांत ते ‘कॅच अप’ या नावाने राबवले जाते. वडोदऱ्यातील किती वाचकांना हे ठाऊक असेल, कोण जाणे!

येथे लहान संस्थांची खरी अडचण दिसते. बालसखीला फोटोजन्य काही नाही. इमारतीच्या भिंतीवर देणगीदाराचे नाव कोरता येते, वस्तीतल्या मुलीच्या मानधनावर येत नाही. त्यामुळे वर्गखोल्या बांधल्या जातात, रंगवल्या जातात, आणि रंगवायला दरवर्षी परदेशातून तरुणही येतात. रंगाऱ्याचे काम गावात कोणालाही येते. त्या विमान-तिकिटांच्या पैशांत एखाद्या स्थानिक शिक्षिकेचे काही महिन्यांचे मानधन निघाले असते, हा हिशेब संस्थेच्या सभेत मांडण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. कारण येऊन गेलेला तरुणच पुढे वर्गणी गोळा करतो, ही बाबही खोटी नाही.

तरीही केकविक्रीतून काय उभे राहू शकते, याचे उदाहरण झिंबाब्वेत आहे. ॲन कॉटन या ब्रिटिश शिक्षिका १९९१ मध्ये मोला या दुर्गम गावात अभ्यासासाठी गेल्या. रूढींमुळे पालक मुलींना शिकवत नाहीत, असे ऐकून त्या गेल्या होत्या. प्रत्यक्षात आढळली ती गरिबी. फी एकाच मुलाची परवडत होती, आणि नोकरी मिळण्याची शक्यता मुलाला अधिक म्हणून मुलगा शाळेत जात होता. कॉटन यांनी केक करून विकले आणि त्या पैशांतून ३२ मुलींची सोय केली. १९९३ मध्ये ‘कॅमफेड’ स्थापन झाली. गावकरी, पालक आणि शिक्षक यांना निर्णयात सामील करून घेणे, हा तिच्या कामाचा पाया राहिला. १९९८ मध्ये शिकून बाहेर पडलेल्या मुलींची संघटना झाली. आज त्याच संघटनेतील तरुणी शाळांत जाऊन धाकट्या मुलींना स्वेच्छेने मार्गदर्शन करतात. स्वयंसेवक इंग्लंडहून यावा लागत नाही.

गोमंतकीयांना ही रीत अपरिचित नाही. वसाहतकाळात केनियातील शाळा वर्णानुसार विभागलेल्या असताना नैरोबीतील गोवेकरांनी आपल्या मुलांसाठी शाळा उभी केली. तिला देणगी देणाऱ्या डॉ. रोझेंदो आयरिश रिबेरो यांचे नाव त्या शाळेला मिळाले. झेब्ऱ्यावर बसून रुग्णांकडे जाणारा डॉक्टर म्हणून रिबेरोंची आख्यायिका आजही सांगतात. शाळेचे मोल त्याहून मोठे आहे. ती समाजाने स्वतः चालवली आणि स्वातंत्र्यानंतर सर्वांची झाली.

सर्वांत कठीण मामला फीचा आहे. मलावीने १९९४ मध्ये, युगांडाने १९९७ मध्ये आणि केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केले. मलावीत पटसंख्या एका वर्षात सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या आसपास गेली आणि एकेका वर्गात शंभरावर मुले बसू लागली. पण गणवेश, परीक्षा, वसतिगृह यांचा खर्च माध्यमिक स्तरावर कुटुंबाचे कंबरडे मोडतो. पश्चिम केनियात केवळ गणवेश मोफत दिल्याने मुलींची गळती कमी झाल्याचे दिसले आहे. म्हणून लहान संस्था एकेका मुलाचे पालकत्व घेतात. माध्यमिकची चार वर्षे म्हणजे चार वर्षांचे वचन. संस्थेचे कार्यकर्ते सत्तरीच्या घरात आणि वर्गणीदारांची यादी दरवर्षी आखूड होत चाललेली, अशा स्थितीत हे वचन कोण पाळणार? तिसऱ्या वर्षात फी थांबलेल्या मुलीच्या हाती ना प्रमाणपत्र, ना घरी राहिली असती तर शिकली असती ते काम.

केनिया, झांबिया आणि झिंबाब्वे येथे नवे शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते. त्याआधीच्या सभेत अनेक लहान संस्थांपुढे यंदा सरकारी मदत तुटलेल्या शेजारच्या शाळांचीही पत्रे असतील. शिल्लक तेवढीच आहे. पहिल्या वर्षाला दहा नवी नावे घ्यायची की तिसऱ्या वर्षातील चौघींना शेवटपर्यंत न्यायचे, हे तेथे ठरेल. त्या सभेला गावचा मुख्याध्यापक किंवा त्या मुलींच्या आया यांपैकी कोणी असेल काय, हे आधी विचारले पाहिजे.