३१ डिसेंबरनंतरची नाकाबंदी

३१ डिसेंबरच्या रात्री महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या शहरात नाकाबंदी असेल. बॅरिकेड लागतील, गाड्यांच्या काचा खाली होतील, चालकांना ब्रेथ अ‍ॅनलायझरच्या नळीत फुंकायला सांगितले जाईल. आपल्या घरचे नववर्ष सोडून पहाटेपर्यंत थंडीत उभ्या राहणाऱ्या या पोलिसांविषयी आम्हाला मनापासून कृतज्ञता वाटते. पण जूनमधल्या एखाद्या साध्या मंगळवारी, रात्री १ वाजता, त्याच चौकात कोण उभे असते?

पिऊन स्टिअरिंगवर बसणारा माणूस कायद्याचे कलम आठवून थांबत नाही. आज आपण पकडले जाऊ, असे वाटले तरच तो रिक्षा शोधतो. मुंबईने हे अनुभवले आहे. नोव्हेंबर २००६मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर एका मद्यधुंद चालकाच्या गाडीखाली चिरडले गेले. पुढच्याच वर्षी शहराच्या वाहतूक पोलिसांनी मद्यपी चालकांविरुद्ध सातत्याची मोहीम उघडली. लोक न्यायालयात उभे राहिले, काही तुरुंगात गेले, परवाने निलंबित झाले. मग मित्रांच्या मैफलीतही 'गाडी तुला चालवायची आहे, तू घेऊ नकोस' हे वाक्य ऐकू येऊ लागले. धाक बसला तो मोहीम रोज चालल्यामुळे.

रोज चालणाऱ्या कामाला रोजचा पैसा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर गुन्हा ठरतो. २०१९च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड २ हजारांवरून १० हजार रुपयांवर नेला आणि सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद तर आधीपासूनच आहे. हे प्रकरण जागेवर पावती फाडून मिटत नाही, न्यायालयात जाते. अटक झालेल्याची दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर त्याला सोडावे लागते. म्हणजे एका चालकामागे एक पोलीस, एक गाडी, रात्री जागा असलेला एक डॉक्टर आणि पुढे न्यायालयातला अर्धा दिवस. यंत्राची वेळोवेळी अचूकता तपासायची, प्रत्येकासाठी नवी नळी वापरायची. यंत्रे आणि गाड्या घेण्यासाठी जिल्हा नियोजन समितीकडून कधी ना कधी पैसा मिळतो, त्यांचे समारंभपूर्वक वाटपही होते. नळ्यांसाठी, दुरुस्तीसाठी, रात्रपाळीच्या वाढीव मनुष्यबळासाठी दरवर्षी हमखास रक्कम मिळणे मात्र कठीण.

आणि तपासणीच झाली नाही, तर दारू कागदावर येतच नाही. २०२२मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली, त्यातली १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रात. सरकारी अहवालात ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत, मद्याच्या नावावर अगदी थोडे. हा वेग कितीदा दारूच्या नशेतला होता, हे रक्ताचा नमुना वेळेत आणि प्रामाणिकपणे घेतला तरच कळेल. १९ मे २०२४च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्यानंतर खुद्द ससून रुग्णालयात चालकाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. तपासणीची साखळी कुठे तुटू शकते, हे त्या प्रकरणाने सगळ्या राज्याला दाखवले.

या कामाला दरवर्षी हमखास पैसा कसा मिळू शकतो, यासाठी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची एक व्यवस्था इथे सांगण्यासारखी आहे. १९६६च्या कायद्यानुसार तिथले केंद्र सरकार रस्तासुरक्षेसाठी राज्यांना अनुदान देते आणि राज्याचे वाहतूक सुरक्षा कार्यालय त्यातून शहरांच्या पोलिसांना वाटा देते. तिथले आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. किती रात्री नाकाबंदी करणार, किती जणांना नशेतला चालक ओळखण्याचे प्रशिक्षण देणार, हे पोलिसांना अर्जातच लिहून द्यावे लागते. खर्च आधी करायचा, हिशेब द्यायचा, मग भरपाई मिळते. अमेरिकेत आजही वर्षाला १० हजारांहून अधिक माणसे मद्यपी चालकांच्या अपघातांत मरतात, तेव्हा नुसत्या अनुदानाने प्रश्न सुटतो असे कुणी समजू नये. तरीही एखाद्या छोट्या गावच्या पोलीसप्रमुखाला येत्या वर्षात आपल्याला किती रात्री रस्त्यावर उभे राहता येईल, हे आधी ठाऊक असते. आपल्या पोलीस आयुक्तांनाही ते ठाऊक असायला हवे.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. कोइम्बतूरचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजसीकरन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ रोजी निकाल दिला. राज्यांनी रस्तासुरक्षा निधी उभारावा आणि वाहतूक दंडाचा काही भाग त्यात जमा करावा, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. महाराष्ट्रात ई-चलनांतून मोठी रक्कम गोळा होते आणि राज्याच्या तिजोरीत जाते. तिचा ठरलेला हिस्सा दरवर्षी, कुणाच्या मर्जीवर न सोडता, शहर आणि जिल्हा वाहतूक शाखांना मिळाला पाहिजे. मात्र चलनांची संख्या पाहून पैसा वाटू नये, नाहीतर हेल्मेट नसलेला दुचाकीस्वार सोपे सावज ठरेल आणि रात्री दोनचा मद्यपी सुटेल. किती रात्री तपासणी झाली, किती नमुने दोन तासांच्या आत घेतले गेले, किती खटले निकाली निघाले, हे आकडे प्रत्येक आयुक्तालयाने दर तिमाहीला जाहीर करावेत.

मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येईल. गृह खात्याच्या मागण्यांत मद्यपी चालकांच्या तपासणीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष आहे का आणि त्यात किती रक्कम आहे, हे आमदारांनी सभागृहात विचारावे. ज्यांच्या मतदारसंघातून महामार्ग जातो, त्यांनी तर पहिल्याच दिवशी विचारावे.